गड चढून आलेला रोगी

धुंधारगडावरचे राजवैद्य त्र्यंबकशास्त्री यांचा नियम असा, की नाडी पाहिल्याशिवाय पुडी द्यायची नाही आणि नाडी पाहायला गड उतरायचा नाही. पायथ्याच्या वस्तीत तापाची साथ आली, तेव्हा टोपल्या विणणारी येसू बुरडीण थेट दरबारात गेली. म्हणाली, "महाराज, औषधशाळा खाली आणा. माणसं मरतायत."

शास्त्रीबुवांनी उपरणं झटकलं. "साफ खोटं! माझ्या दारात आलेला एकही रोगी आजवर दगावलेला नाही. विचारा कुणालाही."

महाराजांनी येसूकडे पाहिलं. "खरं का हे?"

"अगदी खरं, महाराज. जो दगावणार, तो यांच्या दारापर्यंत पोचतच नाही. माझ्या सुनेनं गडाच्या दुसऱ्या दरवाजाशीच मान टाकली, माझ्या खांद्यावर."

महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, उद्यापासून औषधशाळा पायथ्याशी भरेल. राहतं घर हवं तर वरच राहू द्या."

शास्त्रीबुवांचा चेहरा पडला. "महाराज, रोज सकाळी हा गड उतरायचा आणि संध्याकाळी पुन्हा चढायचा? या वयात? माझ्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर?"

येसूनं पदरानं डोळे पुसले आणि हात जोडले.

"भिऊ नका, शास्त्रीबुवा. कसंही करून तुमच्या दाराशी पोचा. तिथवर पोचलेला एकही माणूस आजवर दगावलेला नाही."