हापूसच्या बुडाची गाठ

झाडांना अजून वाचा होती तेव्हाची गोष्ट. एका बागेत रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधून केलेलं कलम वाढत होतं. पहिला मोहर त्याच्या शेंड्याशी आला होता, पण तो रायवळाचा म्हणावा की हापूसचा हेच त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं तो दाबून धरला होता.

कुंपणाकडचा रायवळ म्हणे, "पाय आमचे आणि मिरवतोस हापूस म्हणून."

मधला म्हातारा हापूस तर नाक मुरडूनच बोले. "आम्ही अस्सल. तू मोहरून आमचं नाव बाटवू नकोस, बाळा."

एक दिवस माळ्यानं आळं करायला त्या म्हाताऱ्याच्या बुडाची माती ओढली. खाली भली मोठी गाठ निघाली. गाठीच्या वर हापूसची साल, खाली रायवळाची.

"आजोबा, ही गाठ कसली हो?" कलमानं विचारलं.

"लहानपणी पडलो होतो," हापूस म्हणाला.

"पडलास तो नेमका माझ्या चुलत्याच्या अंगावर वाटतं," रायवळ म्हणाला.

कलम हसलं नाही. माळी त्याच्याकडे वळला तेव्हा ते एवढंच म्हणालं, "माझ्या गाठीवर माती लोटू नका," आणि आठ दिवसांत शेंड्यापासून खालपर्यंत मोहरून गेलं.