अंबाडीची पांढरी दोरी

नदीकाठच्या एका गावात एक दोर वळणारा राहायचा. गावात मूल जन्मलं, की पाळणा टांगायची दोरी त्याच्याच हातची. अंबाडीला फुलं आल्याशिवाय तो तिला विळा लावत नसे. म्हणायचा, "कोवळी काडी आतल्या गरावर आणि हिरव्या चिवट सालीवर उभी असते. वारा आला की लवते, पुन्हा सरळ होते. तिचं तिला तेवढं पुरतं. पण दुसऱ्याचं ओझं पेलायचं, तर सालीतला वाख, तिचा धागा, जून व्हावा लागतो."

एका वर्षी त्याची धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरत आले, आणि अंबाडीला तर कळीही नव्हती. माळ्यावर जुन्या वाखाची दोरी होती, पण तपकिरी, खरखरीत. भाचराच्या पाळण्याला असली दोरी? बायका काय म्हणतील? त्यानं गुपचूप कोवळीच अंबाडी कापली, कुजवली, धुतली. वाख निघाला रेशमासारखा. दोरी झाली पांढरीशुभ्र.

बहीण हरखली. "दादा, किती मऊ रे! जून अंबाडीचीच ना?"

"मग काय! मामा आहे मी," तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

बारशाला बायका जमल्या. रीतीप्रमाणे बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवलं.

"मामाच्या वळणावर गेलाय गं, ठोंब्या!" एक म्हातारी म्हणाली. सगळ्या हसल्या. बहिणीनं झोका दिला, आणि दोरी तटकन तुटली. पाळणा कलंडला आणि वरवंटा धाडकन खाली आला. सारवलेल्या भुईला खळगा पडला, बाळाच्या डोक्याएवढा.

हसू थांबलं. बहिणीनं बाळ छातीशी धरलं. "गाठ मीच मारली होती," ती घाईनं म्हणाली. "नीट बसली नसेल. दादाची दोरी तुटायची नाही."

सगळ्यांना ते पटलंही. तो गप्प राहिला असता तर चाललं असतं. पण नजर त्या खळग्यावरून हलेना.

"गाठ नाही सुटली गं," तो म्हणाला. "दोरीच कच्ची. कोवळ्या अंबाडीची आहे. तुला खोटं सांगितलं मी."

कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं त्याला. त्यानं माळ्यावरची खरखरीत दोरी काढली, पाळण्याला बांधली, स्वतः लोंबकळून पाहिलं.

मग बहीण पुढे आली. बाळाला निजवण्याआधी तिनं दोरी हातात धरून ओढली. पुन्हा एकदा ओढली.

दादाची दोरी तिनं आजवर कधी ओढून पाहिली नव्हती. तो मान खाली घालून उभा राहिला.

तात्पर्य: ज्यावर दुसऱ्याचा जीव टांगायचा, ते देखणं आहे का हे मागून बघावं, पक्कं आहे का ते आधी. आणि विश्वासानं विचारणाऱ्याला तरी खरं सांगावं.