एकाच चरातल्या दोन केबल

एकदा एका डोंगराळ जिल्ह्याच्या गावी एक वृद्ध अभियंते राहत असत. दऱ्याखोऱ्यांतून दूरध्वनीच्या तारा नेण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले होते. निवृत्त झाल्यावर ते मोजक्या तरुणांना आपली विद्या देऊ लागले. दूरदूरच्या गावांतील संगणक एकमेकांशी कसे जोडावेत, त्या जाळ्याचा आराखडा कसा करावा आणि कागदावरचा तो आराखडा प्रत्यक्ष मातीत कसा उतरवावा, हे ते शिकवीत.

यशोधन हा त्यांचा सर्वांत जुना शिष्य. सरांच्या मागे शिडी घेऊन तो मनोऱ्यांवर चढला होता, उन्हातान्हात केबलचे जोड शिकला होता. कुठे काही अडले की सर म्हणत, "यशोधन, जरा बघ रे." या चार शब्दांवर तो जगत असे.

मग मंजिरी आली. तिचे प्रश्न संपत नसत. एखादी गोष्ट समजली नाही तर ती सर्वांसमोर खुशाल म्हणे, "सर, हे मला कळलं नाही, पुन्हा सांगा." सर हसत आणि पुन्हा सांगत. वर्षभरात ती इतकी तयार झाली की एके दिवशी काही अडले तेव्हा सर सहज म्हणाले, "मंजिरीला विचारा." यशोधन तेव्हा शेजारीच बसला होता. त्या दिवशी त्याला जेवण गेले नाही.

मत्सराचा स्वभाव असा, की तो प्रथम दुसऱ्याचे दोष शोधतो आणि ते सापडले नाहीत म्हणून अधिकच पेटतो. मंजिरीचे हसणे यशोधनला दिखाऊ वाटू लागले. तिची नम्रता त्याला डाव वाटू लागली.

अशातच एका धर्मादाय संस्थेने सरांकडे काम सोपवले. संस्थेचे शहरातील मोठे रुग्णालय आणि घाटापलीकडची लहान रुग्णालये एका जाळ्यात जोडायची होती. पलीकडच्या रुग्णाचे तपासणीचे आलेख शहरातल्या तज्ज्ञाला तत्काळ दिसावेत, असा हेतू होता. सरांनी दोघांकडूनही आराखडे मागवले आणि मंजिरीचा निवडला. तिने पलीकडच्या प्रत्येक रुग्णालयासाठी दोन मार्ग योजले होते, एक मुख्य आणि एक राखीव. दोन्ही केबल निरनिराळ्या कंपन्यांच्या आणि निरनिराळ्या रस्त्यांनी जाणाऱ्या. एक तुटली तरी दुसरी चालू राहावी, हा विचार.

"प्रत्यक्ष जागेवरची पाहणी यशोधन करील," सर म्हणाले. "घाट त्याच्याइतका कुणाला ठाऊक नाही."

यशोधनला हे वाक्य ऐकू आले, पण त्यातला मान ऐकू आला नाही. आपण तिचे हरकामे झालो, एवढेच त्याला वाटले.

पाहणीसाठी तो घाटात गेला. पुलाजवळ राखीव केबल टाकणाऱ्या कंपनीचे मजूर काम करीत होते. त्यांनी यशोधनला चहा दिला. चहा पिता पिता त्याचे लक्ष खाली गेले. आराखड्यातल्या वरच्या रस्त्याची खोदाई टाळण्यासाठी त्यांनी राखीव केबल पुलाजवळच्या जुन्याच चरात, मुख्य केबलला खेटून टाकली होती. कागदावर मार्ग दोन होते, जमिनीत एकच. पूल खचला किंवा कुणी तिथे खणले, तर दोन्ही एकदम जाणार.

त्याने खिशातून फोन काढला. क्षणभर हातात धरला आणि परत खिशात ठेवला.

परतल्यावर सरांनी विचारले, "काय म्हणतो घाट?"

"सगळं ठीक आहे, सर."

मंजिरीने मुद्दाम विचारले, "पुलापाशी दोन्ही केबल वेगळ्याच आहेत ना रे?"

"आराखडा तुझा आहे," तो म्हणाला, "तुला माहीत."

तिला ती थट्टा वाटली. ती हसली.

जाळे सुरू झाले. समारंभ झाला, संस्थेच्या अध्यक्षांनी मंजिरीचा सत्कार केला आणि यशोधनने टाळ्या वाजवल्या. पुढे घाटात खोदयंत्र आल्याची बातमी कानी पडली की त्याच्या छातीत धडधडे. ती भीती होती की आशा, हे तो स्वतःलाही विचारत नसे.

एका दुपारी रस्ता रुंद करणाऱ्या खोदयंत्राने पुलाजवळचा चर उलटा केला. दोन्ही केबल तुटल्या. पलीकडचा मोबाइलचा मनोराही त्यांच्यावरच चालत होता. तोही मुका झाला. नेमके तेव्हा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या एका माणसाला पलीकडच्या रुग्णालयात आणले. छातीत असह्य कळ होती. तिथला तरुण डॉक्टर हृदयाचा आलेख शहरात पाठवू पाहत होता. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यावे की नाही, हे तज्ज्ञाला विचारल्याशिवाय ठरवण्याचा त्याला धीर होईना. उत्तर येईना, फोन लागेना. शेवटी त्याने रुग्णाला रुग्णवाहिकेतून घाटाखाली शहरात धाडले, पण त्यात मोलाचा वेळ गेला. माणूस वाचला, पण हृदय इतके दुबळे झाले, की वाद्यात फुंकर घालायला डॉक्टरांनी कायमची मनाई केली.

संस्थेच्या अध्यक्षांनी तिघांनाही बोलावून घेतले. मंजिरी उभी राहिली. "आराखडा माझा होता. चूक माझी आहे," ती म्हणाली. याच क्षणाची यशोधनने वाट पाहिली होती. तो क्षण आला, आणि त्याला तिच्याकडे पाहवेना.

अध्यक्ष सरांना म्हणाले, "हे काम तुम्ही तुमच्या जुन्या विद्यार्थ्याकडे का देत नाही?"

"देतो," सर म्हणाले. "आजपासून या जाळ्याची सगळी जबाबदारी यशोधनची."

मंजिरी खाली मान घालून निघून गेली. सर आणि यशोधन बाहेर व्हरांड्यात आले. सर बाकावर टेकले.

"मी काल पुलावर गेलो होतो," ते म्हणाले. "तिथला मुकादम म्हणाला, केबल टाकताना तुमचे साहेब इथेच उभे होते की, आमच्यासोबत चहा घेतला."

यशोधन म्हणाला, "मग सर... मला हाकलून द्यायचं सोडून सगळं माझ्याच हातात का दिलंत?"

सर शांतपणे बोलू लागले. "तुला हाकललं असतं, तर तू जन्मभर मला आणि तिला दोष देत बसला असतास. तुला जे हवं होतं ते दिलं. आता ते किती जड आहे, ते तूच बघ. अरे, निरोपांना वाट दाखवणाऱ्या यंत्रांना आपण पहिल्यांदा काय शिकवतो? कोणती वाट चालू आहे, कोणती बंद, हे शेजाऱ्याला खरं सांगायला. बंद वाटेला जे यंत्र चालू म्हणतं, त्याच्या हाती आलेला प्रत्येक निरोप हरवतो. आपल्या विद्येत हुशारी दुय्यम आहे, बाळा. मंजिरीची चूक झालीच. तिनं कागदावर विश्वास ठेवला. पण तिनं तुझ्यावरही ठेवला होता."

"आणि सर, माझा आराखडा? तो वाईट होता?"

"चांगला होता," सर म्हणाले. "पण त्यात सगळ्या वाटा तू सांभाळतोस त्याच यंत्रांच्या खोलीतून जात होत्या. तुझ्याशिवाय काहीच चालू नये, असं तुला वाटत होतं. तेव्हाच तुझ्याशी बोलायला हवं होतं. ते माझ्याकडून राहिलं."

यशोधन तसाच आत वळला आणि अध्यक्षांना त्याने सर्व सांगितले. जबाबदारी काढून घेतली तर चालेल, असेही म्हणाला. अध्यक्ष फार संतापले. पण सरांच्या शब्दाखातर काम त्याच्याकडे राहिले. तिथून तो बँडवाल्याच्या घरी गेला आणि त्याच्यापुढेही कबुली दिली. त्या माणसाने सगळे ऐकून घेतले आणि तोंड भिंतीकडे फिरवले. यशोधनला मंजिरीकडे जाणे सर्वांत कठीण गेले. तिने ऐकले आणि दार लावून घेतले.

पुढे कित्येक दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पण मुख्य केबल जोडून झाली तरी पलीकडची रुग्णालये अजून त्या एकाच केबलवर होती, म्हणून ती कामावर आली. राखीव केबलसाठी नवी वाट शोधायला दोघे नदीच्या खोऱ्यातून चालत निघाले. यशोधनचा मत्सर विरून गेला होता असे नाही. नकाशावरून तिचे बोट सहज फिरले की त्याला अजूनही आत काहीतरी टोचे.

एका वळणावर मंजिरी थांबली. तिने निवडलेली वाट समोरच्या उतारावरून जात होती. मग त्याच्याकडे न बघताच तिने विचारले, "इथून चालेल?"

यशोधन खाली उतरला. त्याने हाताने माती उकरून पाहिली आणि तो वर आला.

"नाही चालणार," तो म्हणाला. "खाली सगळी भुसभुशीत माती आहे, पावसाळ्यात वाहून जाईल. वरच्या कातळाच्या कडेनं नेऊ. वाट लांब पडेल, पण टिकेल. आणि नकाशावर रेघ तूच मार, तुझी रेघ माझ्यापेक्षा चांगली येते."

मंजिरीने प्रथमच त्याच्याकडे पाहिले. मग तिने नकाशा जवळच्या एका खडकावर पसरला आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्याचे दुसरे टोक त्याच्या हातात दिले.