शेवंतीचा तुकडा

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका, खडपेबंदरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसालाही ते सांगता येणार नाही. तेव्हा त्या गावात शेवंती नावाची बाई राहायची. असं म्हणतात, तिने घातलेली शिवण समुद्रालाही उसवता येत नसे.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. ते एकट्या घराच्या आवाक्यातलं नाही. म्हणून प्रत्येक घराने आपला एक तुकडा विणायचा आणि शेवंतीने ते सगळे शिवून एक करायचे, अशी रीत होती. मासळी आली की सारं गाव ओढायला वाळूवर.

एका वर्षी मात्र गावाची बुद्धी फिरली. बांगड्याचा थवा आधी कोणी पाहिला, यावरून शेवंतीचा नवरा भिवा आणि सोमा तांडेल यांची जुंपली. सोमा भिवाचा बालपणीचा मित्र, पण दोघेही एकापेक्षा एक हट्टी. अर्धं गाव याच्या बाजूने, अर्धं त्याच्या. शेवटी ज्याने त्याने आपला तुकडा परत मागितला. ओढायचे दोरसुद्धा कोयत्याने तोडून वाटून घेतले! शेवंतीने खाली मान घालून टाके उसवले. मनातून तिलाही वाटत होतं, आपल्याच नवऱ्याचं खरं.

मग जो तो आपल्या होडीने एकटा जाऊ लागला. अशाच एका दुपारी, आभाळ काळवंडलेलं असताना, कोणाचं न ऐकता भिवा आपल्या माणसांना घेऊन निघाला. सोमाला दाखवून द्यायचं होतं ना!

वारा उलटला. होडी समोरच्या कासवखडकावर आपटून फुटली. माणसं खडकावर चढली खरी, पण भरती लागली होती आणि ती उधाणाची होती. पाणी त्यांच्या गुडघ्यांना लागलेलं वाळूवरून दिसत होतं. मदतीला काढलेल्या होड्या लाटांनी परत फेकल्या. 

तिला एक गोष्ट ठाऊक होती. समुद्रात घुसलेल्या टेकडीच्या नाकाडापाशी जे सोडाल, ते पाण्याची ओढ थेट कासवखडकाला नेऊन लावते. पण तिथवर पुरेल एवढं लांब गावात एकच होतं, रापणीचं जाळं, आणि त्याचे तर तुकडे झालेले.

ती तुकडे मागत दारोदार धावली. ‘तुकडो देवा, तुकडो देवा!’ भांडणातली माणसंही निमूट आपापले तुकडे घेऊन आली. शेवंतीचे हात चालू लागले. असं म्हणतात, सुई कोणाला दिसलीच नाही, नुसता तिचा आवाज ऐकू येत होता. पाणी आता भिवाच्या कमरेला लागलं होतं.

सोमाचा तुकडा तेवढा आला नाही. तो ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसला होता.

‘सोमा, तुजो तुकडो दी.’

‘खंयसून दिव?’ सोमा भिंतीकडेच बघत म्हणाला. ‘कापून परसाक कुंपण केलंय गो मियां. कोंबड्यांसाटी.’

शेवंतीला रडू कोसळलं. पण रडायला वेळ कुठे होता?

‘मगे तूच चल,’ ती म्हणाली आणि त्याचं मनगट धरून निघाली.

जाळं नाकाडापाशी सोडलं. ओढीने ते खडकाला लागलं, माणसांनी ते घट्ट धरलं. पण किनाऱ्याकडचं टोक वाळूपर्यंत पोहोचेना. बरोबर एक तुकडा कमी! टोक लाटांवर हेलकावत दूर जाऊ लागलं, तशी शेवंती छातीभर पाण्यात शिरली आणि तिने ते पकडलं. तिचा दुसरा हात सोमाने धरला. सोमाचा हात भिवाच्या भावाने, त्याचा आणखी कोणी, असं करत वाळूपर्यंत सारं गाव एकमेकांना धरून उभं राहिलं. कोणी कोणाचा हात धरला, हे त्या घटकेला कोणी पाहिलं नाही.

लाटा डोक्यावरून जात होत्या. शेवंतीच्या तळहातातून रक्त वाहत होतं. असं म्हणतात, दर्याने तिला तीनदा मागितलं आणि तिन्ही वेळा सोमाने तिला सोडलं नाही. जाळ्याला धरून एकेक माणूस बाहेर आला. सगळ्यांत शेवटी भिवा आला, आणि वाळूवर पाय टेकताच सोमाच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला.

शेवंतीची बोटं मात्र पुढे कधीच नीट उघडली नाहीत. सुई तिच्या हातातून कायमची गेली. म्हणून खडपेबंदरात आता प्रत्येक घर शिवायला शिकतं. आपल्या तुकड्याचा टाका ज्याने त्याने शेजाऱ्याच्या तुकड्यात घालायचा.

आणि सोमाच्या तुकड्याची जागा आजही रिकामी ठेवतात. हंगामातली पहिली रापण ओढताना त्या जागी दोर बांधत नाहीत, माणसं हात धरून पाण्यात उभी राहतात; त्या साखळीलाच शेवंतीचा तुकडा म्हणतात. त्या वर्षी ज्यांचा अबोला असेल, त्यांना सगळ्यांत पुढे, शेजारी शेजारी उभं करतात. कितीही तोंड फिरवा, हात द्यावाच लागतो.

मग वाळूवरून कोणीतरी विचारतं, ‘शेवंतीचो तुकडो इलो?’

त्या दोघांनी मिळून ‘इलो!’ म्हटल्याशिवाय जाळं ओढत नाहीत.