खजिना वाटून झाल्यावर

कृष्णेकाठच्या एका गावात एक वृद्ध शास्त्रीबुवा राहत असत, आणि त्यांचा एक शिष्य एकाच राक्षसाला दर रविवारी ठार मारता यावे म्हणून दरमहा वर्गणी भरत असे.

शास्त्रीबुवांनी चाळीस वर्षे पाठशाळेत तर्कशास्त्र शिकवले होते. पुढे पाठशाळा बंद पडली, पण तर्क सुटला नाही. भाजीवालीने मेथी ताजी आहे म्हटले, तरी ते तिच्याकडे हेतू आणि दृष्टांत मागत. शिष्याचे नाव श्रीरंग. वय छत्तीस, पुण्याच्या एका कंपनीचे काम घरी बसून करणारा. रविवारी सकाळी तो गुरुजींकडे तर्कशास्त्र शिके आणि दुपारी चार वाजता संगणकासमोर बसून वज्रबाहू होई. ऑनलाइन गेममधले हे त्याचे नाव. सात फूट उंची, हातात जळती तलवार, खाली पांढराशुभ्र घोडा. हाच वज्रबाहू गॅसचे सिलिंडर दुसऱ्या मजल्यावर नेताना तीनदा टेकत असे, हा भाग वेगळा.

टोळीत बारा जण होते, बारा गावांचे. सहा वर्षे ते खांद्याला खांदा लावून लढत होते आणि श्रीरंगाला त्यांपैकी एकाचेही खरे नाव ठाऊक नव्हते. लढाईत नावाचे काम पडत नाही.

दर महिन्याच्या पाच तारखेला त्याच्या खात्यातून वर्गणी जात असे. या महिन्यात पाच तारीख जवळ आली तेव्हा त्याची बायको केतकी म्हणाली, "एक तर हे बंद कर, नाहीतर हे पैसे सत्कारणी लागतात असं मला पटवून दे." दोन दिवस वाद झाला. शेवटी ठरले की गुरुजी म्हणतील ते दोघांनीही मानायचे. श्रीरंगाने ही अट आनंदाने मान्य केली. तर्क आपल्या बाजूने आहे याची त्याला खात्री होती. नवख्या तार्किकाला ती असतेच.

रविवारी सकाळी दोघे शास्त्रीबुवांच्या ओसरीवर जाऊन बसले.

"गुरुजी, महिन्याला सहाशे रुपये," श्रीरंगाने सुरुवात केली. "रोज रात्रीचं धरून मी खेळतो साधारण साठ तास. म्हणजे तासाला दहा रुपये. दहा रुपयांत तासभर करमणूक आज कुठे मिळते? सिनेमाला गेलं तर नुसत्या पॉपकॉर्नला चारशे मोजावे लागतात."

"आणि एकशेवीस तास खेळलास तर?"

"तर तासाला पाचच रुपये!"

"म्हणजे जितका जास्त खेळशील तितकं स्वस्त."

"अर्थात."

"मग जन्मठेपेचा कैदी भाग्यवानच म्हणायचा," शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले. "त्याच्याइतकी स्वस्त खोली कुणालाच मिळत नाही. अरे, ते साठ तास तुला मिळाले असं तू धरून चाललास. ते तू दिलेस. सहाशे रुपये आणि वर साठ तास, एवढं मोल तू मोजलंस. त्याबदल्यात घेतलंस काय, ते सांग."

श्रीरंग थोडा अडखळला. "तलवार आहे. घोडा आहे. सोन्याचं कवच आहे, ते तर आख्ख्या खेळात चाळीस जणांकडेच आहे."

"उद्या वर्गणी थांबली तर तलवार कुणाची?"

"कंपनीची."

"कवच?"

"तेही."

"घोडा?"

केतकी म्हणाली, "वरातीच्या घोड्यावरून तरी याला तासाभरात उतरवला होता, गुरुजी. या घोड्यावर सहा वर्षं बसलाय."

निकाल लागला असे समजून श्रीरंगाचे तोंड उतरले. पण शास्त्रीबुवांनी हात वर केला. "मी अजून काही ठरवलेलं नाही. तुझा तो रविवारचा राक्षस मेल्यावर पुढे काय होतं?"

"खजिना वाटतात. मग मी बाहेर पडतो."

"लगेच?"

"लगेच. पुढे काही नसतंच, गुरुजी. उगाच वेळ कशाला घालवायचा?"

"आणि बाकीचे अकरा?"

"ते असतात वाटतं थोडा वेळ. नक्की ठाऊक नाही."

"सहा वर्षांत ठाऊक नाही?" शास्त्रीबुवांच्या भुवया वर गेल्या. पाठशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने सुरेख चूक केली की त्या अशाच वर जात. "आज दुपारी तुझ्या जागी मी बसतो."

श्रीरंगाचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. ज्या गृहस्थांनी मोबाइलला आजवर उंबरठ्याच्या आत घेतले नव्हते, ते रक्तकेतू राक्षसाशी लढणार! "गुरुजी, मी पुढे नसलो तर टोळी टिकत नाही हो. सगळे मरतील!"

"मग तेही कळेल."

चार वाजता शास्त्रीबुवा श्रीरंगाच्या घरी, खांद्यावरचे उपरणे सावरत संगणकासमोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी श्रीरंगाच्या कानांवरचे हेडफोन काढायला लावले, आवाज स्पीकरवर घ्यायला लावला, म्हणजे केतकीलाही ऐकू येईल. आणि आपले बोलणे पलीकडे जाऊ नये म्हणून माइक बंद करवला. "आता मी काहीही केलं तरी मध्ये पडायचं नाही," असे त्यांनी वचन घेतले. मग विचारले, "याला खाली बसवायची कळ कोणती?"

श्रीरंगाने भाबडेपणाने दाखवली.

गुहेच्या तोंडाशी बारा वीर उभे राहिले. आतून रक्तकेतूची डरकाळी आली. आणि शास्त्रीबुवांनी ती कळ दाबली. सात फुटी वज्रबाहू तलवार मांडीवर घेऊन एका खडकावर ऐसपैस बसला.

"गुरुजी!" श्रीरंग किंचाळला. "उठवा त्याला!"

शास्त्रीबुवांनी हात मांडीवर ठेवले.

स्पीकरमधून टोळीच्या म्होरक्याचा कोल्हापुरी आवाज आला. खेळात त्याला काळा वाघ म्हणत. "वज्या, उठ की लेका! वज्या! आयला, ह्याचं नेट गेलं वाटतं. चला रं, ह्याला सोडा, आपण घुसू."

आणि ते घुसले. श्रीरंग डोळ्यांवर हात धरून बोटांच्या फटीतून पाहत होता. एरवी रक्तकेतूला मरायला अठरा मिनिटे लागत. त्या दिवशी बावीस लागली. चार मिनिटे. सहा वर्षे ज्याने स्वतःला टोळीचा आधारस्तंभ मानले, त्याचे नेमके वजन चार मिनिटे भरले. एखाद्याला सेवानिवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी कळावे की आपल्यावाचून कचेरी वेळेवर उघडली, तसे त्याचे झाले.

पण खरा आघात पुढेच होता. खजिन्याची पेटी उघडली आणि वज्रबाहूच्या नावापुढे नागमणी आला. आठ महिने तो या मण्याची वाट पाहत होता. पडद्यावर 'स्वीकारा' असे लिहून आले आणि शेजारी साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न असे आकडे उतरू लागले.

"गुरुजी, दाबा! नुसतं दाबायचंय! पाया पडतो!"

शास्त्रीबुवा हलले नाहीत. श्रीरंगाने वचन मोडून झेप घेतली, तेव्हा ऐंशी वर्षांच्या त्या हाताने त्याचे मनगट असे धरले की तो थक्क झाला. आकडे शून्यावर आले. नागमणी विरून गेला.

श्रीरंग जमिनीवरच बसला. "आता तरी बंद करा," तो कसाबसा म्हणाला.

"आता कुठे सुरू होतंय," शास्त्रीबुवा म्हणाले. "ते बघ."

पडद्यावर ते अकरा वीर एका शेकोटीभोवती येऊन बसत होते. ती शेकोटी श्रीरंगाने सहा वर्षे पाहिली होती. ती शोभेसाठी आहे अशी त्याची समजूत होती. वज्रबाहू लांब गुहेच्या तोंडाशी, अंधारात खडकावर बसलेला. तो अजून तिथे असेल असे कुणाच्या मनातही आले नाही, कारण यापूर्वी तो कधीच नव्हता.

कुणी मुलीच्या दहावीच्या निकालाचे सांगितले. कुणाला नोकरी लागली होती, त्याला सगळ्यांनी पेढे मागितले. मग काळा वाघ म्हणाला, "काकू, आलासा काय?"

"हाव, आली ना," एका प्रौढ बाईचा आवाज आला, वऱ्हाडी वळणाचा.

कोण काकू? श्रीरंगाने पडद्याकडे निरखून पाहिले. हिरव्या वस्त्रांतली संजीवनी बोलत होती. लढाईत जखमा बऱ्या करण्याचे काम संजीवनीचे. लढताना ती बोलत नसे, दोन शब्द लिहून कळवी. सहा वर्षांत तिने त्याला हजारदा मरणातून उठवले असेल, आणि हा कॉलेजातला कुणी पोरगा आहे असे तो धरून चालला होता.

"वर्षश्राद्ध झालं न्हवं नीट?" काळ्या वाघाने विचारले.

"झालं. दोन्ही दीर आले होते. लोक जेवून जातात आणि मग घर मोठं वाटते. म्हटलं, तुमच्यात येऊन बसावं."

"बसा की. वर्ष झालं बघा, कळलं न्हाई."

"मी त्या रविवारी येतच नव्हती. दवाखान्यात होतो ना आम्ही. तेच म्हणाले, लॅपटॉप आणलाय तर जा, तुझी माणसं खोळंबतील. मधातच नर्सनं आवाज दिला आणि मी उठली."

"आन वज्या मेला!" काळा वाघ म्हणाला. "काय तणतणला होता गडी! सगळ्यांसमोर लिवलं, झोपा काढायच्या असतील तर टोळीत कशाला येतोस. मग मला वेगळा निरोप, ह्या संजीवनीला काढून टाक, कामाची न्हाई."

श्रीरंगाला तो निरोप आठवला. अक्षरन् अक्षर आठवले. लिहून झाल्यावर आपण चहा प्यायलो होतो, हेही आठवले.

नोकरी लागलेला तरुण म्हणाला, "काकू, त्याला कुणी सांगितलं कसं नाही?"

"केव्हा सांगावं, बाबा?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर श्रीरंगाला बरे वाटले असते. "तो थांबते कुठं? थांबला असता तर सांगितलं असतं. त्याले काय ठाऊक? लेकराचा काय दोष त्यात."

केतकी नवऱ्याकडे पाहत होती. दोन दिवसांच्या वादात तिने त्याला बरेच काही म्हटले होते. आता तिला त्यातले काहीच म्हणावेसे वाटेना. तोंड उघडले तर काय बाहेर येईल, याचा श्रीरंगाला भरवसा नव्हता.

शास्त्रीबुवा खुर्ची वळवून त्याच्याकडे पाहत म्हणाले, "परिशेष म्हणजे काय, ते तुला मागच्याच महिन्यात शिकवलं. एकेक शक्यता वगळत जायची. जी वगळता येत नाही, तेच उत्तर. तू वर्गणी कशाची भरतोस ते मला शोधायचं होतं. लढाई वगळून पाहिली. तुझ्यावाचून कुणाचं अडलं नाही. खजिना वगळून पाहिला. गेला, आणि जग जागच्या जागी आहे. मग उरलं ते हे. हे कंपनी विकत नाही. तिला हे बनवताही येत नाही, ती नुसती जागा भाड्याने देते. या अकरा जणांना सहाशे रुपयांत जे मिळतं, ते फार स्वस्त आहे. तुला तेच सहाशे फार महाग पडले. तुझं पान दर रविवारी मांडलेलं होतं, श्रीरंगा. तू दक्षिणा घेऊन दारातूनच परत फिरत आलास."

श्रीरंगाने विचारले, "मग पाच तारखेला भरू की बंद करू?"

"ते पाच तारखेला ठरव," शास्त्रीबुवा गुडघ्यांवर हात टेकून उठले. "अजून पंगत उठलेली नाही. केतकी, जरा चहा टाक. राक्षस सोसला, ही खुर्ची सोसवत नाही."

श्रीरंग खुर्चीत बसला. त्याचे बोट माइकच्या बटणावर किती वेळ थांबले होते, ते त्यालाही सांगता आले नसते. रक्तकेतूसमोर ते कधी असे थांबले नव्हते. मग वज्रबाहू खडकावरून उठला आणि अंधारातून चालत शेकोटीपाशी आला. बोलणे एकदम तुटले.

"वज्या?" काळ्या वाघाचा आवाज. "आरं, तू हाईस व्हय?"

"आहे. मघापासून आहे."

अकरा गावांत एकाच वेळी शांतता पसरली.

"काकू," श्रीरंग म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडी इतका नवा होता की तो मध्येच थांबला. "काकांचं नाव काय होतं?"



"गुलाबराव," ती म्हणाली. "नाव गुलाबराव, आणि जन्मात कधी मले फूल आणलं नाही. बस ना बाबा, उभा कायले?"

मग ती सांगू लागली. वीज मंडळात लाइनमन होते. भिडस्त होते, वरणात मीठ कमी पडले तरी मागून घेत नसत. श्रीरंग ऐकत होता. केतकीने चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला, आणि परत आत न जाता स्वतःसाठी एक खुर्ची त्याच्या शेजारी ओढून घेतली.