मोराच्या मुठीचा वस्तरा

एका गावात एक जमीनदार होता. त्याला जुन्या वस्तऱ्यांचं वेड होतं. नक्षीदार हस्तिदंती मुठीचा वस्तरा कुठे दिसला, की तो मिळेपर्यंत त्याला चैन पडत नसे. आणि मिळाला, की उरलीसुरली झोपही जाई. दमट हवेने मूठ पिवळी पडली तर? घासून नक्षी झिजली तर? म्हणून तो कोणाला हात लावू देत नसे, धारसुद्धा लावू देत नसे.

गावच्या न्हाव्याकडे पणजोबांचा एक वस्तरा होता. मुठीवर मान उंचावलेला मोर. जमीनदाराने रोज निरोप धाडून अखेर तो विकत घेतलाच. त्याच्याच जमिनीवर घर असलेल्या न्हाव्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

"शेटजी, आता मी काम कशानं करू?"

"बाजारच्या दिवशी नवा घे की! तोवर वाढू देत दाढ्या."

बाजाराला अजून अवकाश होता, तेवढ्यात जमीनदाराच्या धाकट्या लेकीच्या गळ्याला गळू झालं. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते इतकं फुगलं, की तिला श्वास घेता येईना. गळू फोडण्यात न्हाव्याचा हात हलका होता. तो धावत आला.

"पिकलंय. आत्ताच फोडायला हवं. वस्तरा द्या."

जमीनदाराने पेटी उघडली आणि त्यातला सगळ्यांत साधा वस्तरा काढला. न्हाव्याने तो आपल्या मनगटावरून फिरवला. एकही केस तुटेना. दुसरा दिला, तो गंजलेला. तिसरा तसाच.

"माझाच द्या. त्याची धार अजून आहे. पण आधी मुठीसकट उकळीन. पातं मिटतं त्या खाचेत सगळी घाण असते."

"मुठीसकट? अरे, तडा जाईल!"

"जाईल."

जमीनदाराने मोराचा वस्तरा काढला, पण हातातून सोडला नाही. "नुसतं पातं उकळून नाही का भागणार?"

"अहो, पोर निळी पडतेय!" बायको ओरडली. "मोर कसला कुरवाळत बसलात?"

लेकीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज आला. मग मात्र जमीनदाराने स्वतःच वस्तरा उकळत्या पाण्यात टाकला. थोड्या वेळाने टक् असा आवाज झाला. त्याने डोळे मिटून घेतले.

न्हाव्याने एका झटक्यात गळू फोडलं. पोरीने आधी मोठा श्वास घेतला, मग मोठ्ठं भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून जमीनदाराने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

संध्याकाळी गळ्याला पट्टी बांधलेल्या लेकीने वस्तरा पाहिला. तडा बरोबर मोराच्या मानेतून गेला होता.

"बाबा, मोराला पण लागलं?"

"हो गं. आणि मी त्यालाच आधी जपत होतो."

दुसऱ्या दिवशी तो सगळी पेटी घेऊन न्हाव्याच्या दारात गेला. मोराचा वस्तरा त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "हा तुझा. बाकीच्यांना धार लाव. आणि आधी माझी दाढी कर बाबा, फार वाढलीय."

तात्पर्य: हत्याराची शोभा कामाच्या हातात असते. ते हातातून काढून पेटीत कोंडणारा आपल्याच अडीनडीचा आधार कोंडतो.