जाभाडाचा डोंगर

खडकुंब्याच्या घाटात रस्त्याकडेला पाटी आहे : 'जॉ पॉइंट'. समोरच्या डोंगराची अख्खी कूस तुटून गेलेली, आणि त्या लाल खोबणीत काळ्या खडकांच्या दोन रांगा, एक वर, एक खाली. पाहुणे फोटो काढतात. वाट दाखवायला आलेले पुनाजीबाबा लांघी मग सांगू लागतात.

"जॉ आमचं न्हाई. मोजणीला गोरा सायेब आला, त्यानं डोंगराचं नाव इचारलं. आमचा माणूस म्हणला, जाभाड. सायबाला उमगंना, तवा यानं सोताच्या जबड्याला हात लावून दावला. सायबानं त्याच्या बोलीतला शब्द लिवला, त्योच ऱ्हायला. पर जाभाड त्याच्या लई आधीचं."

असे सांगतात, की त्या कुशीखाली पूर्वी वीसेक घरांची वाडी होती. तिथे कोंडू नावाचा कोळी राहत असे. घरात बायको ठकू, म्हातारी आई आणि पाळण्यातली लेक. श्रावणात गवत कापताना कोंडूच्या पायाला विळा लागला. जखम वरून सुकली. पण आठव्या दिवशी सकाळी त्याला भाकरीचा घास चावेना. तसाच तो गुरे घेऊन डोंगरावर गेला आणि दुपारी एकटाच, धडपडत खाली आला. दातखीळ बसली होती.

ठकूने दातांत पळीचा दांडा घालून पाहिला. पाणी ओठांवरूनच ओघळले. कोंडू नुसता हुंकारत होता. डोंगराकडे बोट करी, दोन्ही तळवे जुळवून फाकवी, पुन्हा जुळवी, पुन्हा फाकवी. ठकू पुन्हापुन्हा विचारी, "आवं, काय व्हतंय? कुठं दुखतंय?" त्याच्या डोळ्यांतून पाणी येई. जाणती माणसे म्हणाली, देवी कोपली. हा खिंडीतल्या आईचे नाव घेतोय, हात जोडतोय. त्याला वर न्या.

घोंगडीची झोळी झाली. आठ-दहा जण निघाले. कोंडूने ठकूचा पदर धरून तिला घराकडे ओढले. लेक हवी असेल, असे तिला वाटले. ती आत गेली. सासू म्हणाली, "एवढ्या पावसात लेकराला कुठं नेतीस? राहू दे माझ्यापाशी." ठकूला ते पटले. ती पोरीला न घेताच बाहेर आली. कोंडूचे अंग धनुष्यासारखे ताणले गेले. अंगात देवीचे वारे आले, असे म्हणत लोकांनी त्याला घट्ट धरले आणि नेले.

ती सगळी माणसे खिंडीत पोहोचली आणि समोरची कूस खाली आली, म्हणे. आधी झाडे चालू लागली, मग आवाज झाला. पुन्हा पाहिले तर वाडी नव्हती. हातांनी चिखल उपसून काय होणार? तरी अंधार पडेपर्यंत ती माणसे उपसत राहिली.

कोंडू दुसरा दिवस उजाडेपर्यंत जगला. ठकूने त्याचे डोके मांडीवर घेतले. "आवं, भेग बघितली व्हती का वर? ह्येच सांगत व्हता का? नुसतं डोळं मिटा, म्या समजंन." कोंडूने तिच्याकडे पाहिले आणि डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत. त्याने हो म्हटले, की त्याच वेळी जीव गेला, हे तिला कळले नाही. कुणालाच कळले नाही.

रीतीप्रमाणे म्हाताऱ्यांनी हनुवटी बांधायला फडके आणले. ठकूने ते हिसकून घेतले. "बांधू नका. त्यांचं सांगायचं ऱ्हायलंय." थोड्या वेळाने मेलेल्या कोंडूचा जबडा आपोआप सैल झाला, तोंड उघडले. ठकूने कान लावला आणि सरण रचून होईपर्यंत तशीच बसून राहिली.

आजही खडकुंब्यात मेलेल्या माणसाची हनुवटी बांधत नाहीत. घरातले सगळ्यांत जवळचे माणूस त्याच्या तोंडाशी कान नेऊन बसते आणि बाकीचे गप्प उभे राहतात. पुनाजीबाबाही बसले होते, बायको गेली तेव्हा.

एका पाहुणीने विचारले, "ऐकू आलं काही?"

बाबांनी मान हलवली. "न्हाई. पर बसावं लागतं."